किरेवरचे उलटे घोस

पत्र्याच्या पेटीतलं सगळं मी फरशीवर काढून ठेवलं. बाबांचा स्वेटर, पितळेचा डबा, कधीच न लावलेले पडदे, माझ्या पदवीचा काचेतला फोटो. मग तळाला हात घातला, तर हाताला लागलं ते नुसतं वर्तमानपत्र. घडी तशीच होती, आत काही नव्हतं. मी ते कागद उलगडून झटकलेसुद्धा, जसं काही एवढं मोठं कापड कागदाच्या घडीत अडकून बसणार होतं. डांबरगोळीचा चुरा तेवढा खाली पडला.

त्या कागदात आमाची किरा होती.

किरा म्हणजे भूतानमधल्या बायकांचं नेसायचं वस्त्र. नेसायचं म्हणते खरी, पण त्याला ना काठ ना पदर. तीन पट्टे एकमेकांना जोडून केलेला मोठा चौकोन, जाडजूड, हातमागावर विणलेला. तो अंगाभोवती गुंडाळायचा, खांद्यांवर चापांनी अडकवायचा आणि कमरेला पट्टा आवळायचा. मी तिकडे डोंगरातल्या एका शाळेत गणित शिकवायला होते. ज्या बाईच्या घरी भाड्याने राहायचे, तिने मला ती विणून दिली होती. तिला गावात सगळे आमा म्हणायचे, म्हणजे आई. मीही तेच म्हणायचे.

आमा गेल्या हिवाळ्यात गेली. तिची मुलगी पेमा, माझी विद्यार्थिनी, आज दुपारी आमच्या नाशिकच्या घरी येणार होती. उद्या मुंबईहून तिचं ऑस्ट्रेलियाचं विमान होतं, आणि मधला हा एक दिवस तिने मुद्दाम काढला होता. सकाळी फोनवर तिचा मेसेज आला होता: 'मॅडम ला, आमाची किरा आहे ना तुमच्याकडे? एकदा हात लावायचाय.' हा 'ला' तिकडे आदराने लावतात, आपल्या 'जी'सारखा. तिकडे माणूस गेलं की त्याचे कपडे मठात दान करतात. आणि आमाने जन्मभर जे विणलं ते लोकांसाठी, मजुरीने. ते ज्याचं त्याच्या घरी गेलं. आमाच्या हातचं एकच कापड कुठे आहे हे पेमाला माहीत होतं, आणि ते माझ्याकडे होतं. मी ऐटीत उत्तर पाठवलं होतं, 'आहे ना. अगदी तशीच आहे. ये.'

बाहेरच्या खोलीत आई दिवाणावर बसून लसूण सोलत होती.

"आई, पेटीतलं माझं कापड कुठंय? जाड, तांबडं-पिवळं. कागदात गुंडाळलेलं."

आईने मान वर केली नाही. "ती चादर व्हय? ती गोधडीत घातली की."

"चादर नव्हती ती. नेसायचं होतं ते."

"येवढं जाड?" आई म्हणाली. "कोण नेसतंय ते. ना पदर, ना काय. मी म्हटलं, पोरगी थंडीच्या मुलखातनं चादर घेऊन आली आन् पेटीत टाकून बसली कसर लागायला. दसऱ्याला उन्हात टाकायला काढली, तर लय ऊब व्हती तिला. घातली आत."

"कुठल्या गोधडीत?"

"तुझ्याच."

माझी गोधडी म्हणजे, आई आत्ता जिच्यावर बसली होती ती. खालून निळी, वरून फिकट जांभळी, आईच्या दोन जुन्या लुगड्यांची. मी तिकडून कायमची परत आले त्याच्या पुढच्या वर्षी आईने ती शिवली आणि तेव्हापासून दर थंडीत मी तीच पांघरते. पहिल्याच दिवशी मी कुरकुरले होते, ही एवढी जड कशी गं? आई म्हणाली होती, निजशील गपगुमान. तिच्या एका कडेला लाल दोऱ्याची गाठ आहे. मी गोधडी उलटसुलट घेतली की आई उठून यायची आणि ती सारखी करायची. लाल गाठ डोक्याकडं घे, म्हणून किती वेळा सांगायचं तुला. मी म्हणायचे, गोधडीला कसलं आलंय डोकं आणि पाय. म्हातारपणी माणसाला काहीतरी खूळ लागतं, असं मी मनाशी धरून चालले होते.

म्हणजे मी आमाच्या किरेखाली झोपत होते आणि मला पत्ताच नव्हता. रडू येत नव्हतं, रागही धड येत नव्हता.

"कापलीस?" मी विचारलं.

"कापीन कशाला? येवढं राबून इणलेलं कापड कुणी कापतं का?" आईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "अख्खी घातली. जाड कापड अंगाला टोचतं, म्हणून मधी. वर माझी लुगडी, मऊ."

किरा जशीच्या तशी होती, पण आईच्या टाक्यांच्या आत. इकडून तिकडे दाट ओळी, एकीला लागून दुसरी. ती गोधडी शिवून झाली आणि पुढच्याच पावसाळ्यात आईचे हात थरथरायला लागले. आमच्या पेठ रोडवरच्या गल्लीतल्या बाया अजूनही जुनेरं घेऊन येतात, मावशी, नातवाला एक शिवून द्या म्हणतात, आणि आई हात पुढे करून दाखवते. म्हणजे ही तिची शेवटची. उसवली तर आईची गोधडी गेली. नाही उसवली, तर पेमा आमाच्या कापडाला हात न लावता विमानात बसणार. आणि मी तिला 'अगदी तशीच आहे' असं कळवून मोकळी झाले होते.

लसणाची सालं दिवाणभर उडत होती. बाहेर ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं.

आमच्याकडे शरद म्हणजे हेच ऊन, आणि छाटणी. मी लहान असताना दसऱ्याच्या सुमाराला पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर मुकादमाचा टेम्पो यायचा आणि आईबाबा द्राक्षांच्या बागांवर कामाला निघायचे. मी आश्रमशाळेत. टेम्पोच्या फळीला धरून आई उभी असायची आणि वळणापर्यंत तिचा पदर दिसायचा. दिवाळीला आली की तिच्या हातांना छाटलेल्या काडीवर लावायच्या औषधाचा वास यायचा. उटणं लावून आंघोळ केली तरी जायचा नाही. मी त्या वासाच्या हातांनी भरवलेलं खायचे आणि तो वास मला आवडायचा. लोक शरदाचं चांदणं म्हणतात. मला शरद म्हटलं की तो टेम्पो आठवतो.

त्यामुळे भूतानमधला पहिला शरद बघून मी हबकलेच. गुवाहाटीपर्यंत रेल्वे आणि पुढे डोंगरातून वळणं घेत, ओकत ओकत मी त्या गावात पोचले तेव्हा पाऊस चालू होता. सगळं धुक्यात. मग तिकडे पावसाळा संपल्याचा एक सण असतो. त्या दिवशी भल्या पहाटे सगळ्यांनी उघड्यावर आंघोळ करायची, म्हणजे वर्षभराचं किल्मिष जातं. आमाने मला अंगणात उभी करून डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी कसलं, नुसता बर्फ. माझी किंकाळी ऐकून समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. दुसऱ्या दिवशी शाळेत सकाळच्या प्रार्थनेला उभी राहिले तर नववीची पोरं गालात हसत होती. गावात काही लपून राहत नाही, ते पेठ असो नाहीतर भूतान.

त्यानंतर धुकं उचललं गेलं आणि मला दिसलं की सगळ्या गावाची छपरं तांबडी झाली आहेत. मिरच्या. घरावर, गोठ्यावर, शाळेच्या सरपणाच्या छपरावर, जिथे जागा मिळेल तिथे वाळत घातलेल्या. वर्गात फळ्याकडे तोंड करून समीकरण लिहिताना मागून वारा यायचा, त्याला त्या मिरच्यांचा वास असायचा आणि मला शिंका येत सुटायच्या. मुलं एका सुरात म्हणायची, "गॉड ब्लेस यू, मॅडम ला." प्रत्येक शिंकेला. गणिताचा तास त्यातच जायचा. आणि त्या मिरच्या चवीपुरत्या नाहीत, भाजी म्हणून खायच्या. चीजमध्ये शिजवलेल्या अख्ख्या मिरच्या, तांबड्या भाताबरोबर. पहिल्या दिवशी माझे कान लाल झाले तेव्हा आमाला वाटलं मला भाजी फार आवडली, तिने आणखी वाढली. माझ्या पोटाचे जे हाल झाले ते सांगण्यासारखे नाहीत. वर्षभरात मात्र मीच आमाला म्हणायला लागले, आज मिरची कमी आहे.

आमाचा माग ओसरीवर असायचा. आपल्याकडे येवल्याला असतो तसला मोठा नाही. एक टोक भिंतीला, दुसरं आमाच्या कमरेच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की सूत ताणलं जायचं, पुढे झुकली की सैल पडायचं. माग म्हणजे अर्धी आमाच होती. लाकडी पट्टीने ती धागा ठोकायची, ठक, ठक-ठक. मी शाळेतून चढण चढून यायचे तेव्हा घर दिसायच्या आधी तो आवाज यायचा. माझ्या खोलीत लोखंडी शेगडी होती, तिच्यात पाइनची लाकडं जळायची. स्वेटर, केस, खडूची पेटी, सगळ्याला तो धूर लागलेला. त्यात आमाच्या तोंडातल्या पानाचा वास. तिकडची सुपारी ओली आणि उग्र, पहिल्यांदा वास आला तेव्हा मी नाकाला रुमाल लावला होता. पुढे पुढे तो वास आला नाही की मला वाटायचं, आमा गेली कुठे?

शनिवारी अर्धी शाळा. आकाश निवळलं की आमा माग सोडायची, भांडं, तांदूळ, मिरच्या, चीज टोपलीत भरायची आणि म्हणायची, चल. पेमा तेव्हा नववीत होती, चहाचा थर्मास तिच्याकडे असायचा. वर चढून जायचं. वाटेत पिठासाठी लावलेलं एक धान्य असायचं, त्याची शेतं फुलांनी गुलाबी झालेली. अक्रोडाची हिरवी सालं सोलून हात काळे व्हायचे. वर पठारावर गावातले आणखी लोक आलेले असायचे, तीन दगड मांडून चूल पेटवायचे, भात रटरटायचा, कोणीतरी गाणं म्हणायचं. आणि मग सगळे नुसते बसायचे.

मला ते झेपेचना. मी पहिल्याच वेळी पेमाला विचारलं, "इथून काय न्यायचंय?"

"कुठे न्यायचंय, मॅडम ला?"

"घरी. रानातून काय आणायला आलोय आपण?"

"काही नाही. बसायला आलोय."

मी पेठच्या डोंगरातली. रानात गेलेलं माणूस डोक्यावर काहीतरी घेऊनच परत येतं. लाकूडफाटा, करवंदं, रानभाजी, निदान गुरांना पाला. रिकाम्या हाताने रानातून आलेल्या पोरीला आमच्याकडे कोणी जेवायला वाढलं नसतं. ती सवय माझ्या हातात इतकी होती की सगळे गाणी म्हणत असताना मी उठायचे आणि वाळक्या काटक्या वेचायचे. संध्याकाळी उतरताना डोक्यावर मोळी. खाली वाटेवर माझे विद्यार्थी भेटायचे, बाजूला होऊन, वाकून नमस्कार करायचे, "गुड इव्हनिंग, मॅडम ला," आणि मी मोळीखाली मान ताठ धरून म्हणायचे, गुड इव्हनिंग. हेडमास्तरांनी एकदा ते पाहिलं आणि सोमवारी माझ्या खोलीवर शाळेतर्फे सरपण पाठवलं. त्यांना वाटलं मॅडमना लाकडं कमी पडतात. आमा ते ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला.

एकदा अशाच एका शनिवारी चूल विझत आली होती. राखेच्या एका बाजूला मी, समोर आमा, मध्ये पेमा दुभाषी. आमाने विचारलं, तुझी आई या दिवसांत काय करते? मी म्हटलं, द्राक्षाच्या बागेत काडी छाटते. आमाला द्राक्ष कळेना. मी म्हटलं, वेल असतो, त्याला घोस लागतात. तिला घोसही कळेना. तिकडे थंडी फार, तिने द्राक्षाचा वेल जन्मात पाहिला नव्हता. मग मी काटकी घेतली आणि राखेत काढून दाखवला. वर देठ, दोन पानं, खाली गोल गोल मणी, निमुळता होत गेलेला घोस. आमाने मान पुढे करून बराच वेळ पाहिलं. मग 'समजलं' अशी मान हलवली आणि पानाचा डबा उघडला.

पुढचा शरद संपता संपता तिने ती किरा माझ्या हातात ठेवली. तांबड्या जमिनीवर पिवळ्या, हिरव्या धाग्यांची नक्षी, हाताला उठावदार लागणारी. एका कडेला ओळीने द्राक्षांचे घोस. सगळे उलटे. देठ खाली आणि मणी आभाळाकडे. मला क्षणभर कळेना, आणि मग ते राखेचं चित्र आठवलं. मी माझ्या बाजूने काढलं होतं, आमा समोर बसली होती. तिला ते जसं दिसलं तसं तिने विणलं. मी काहीही बोलले नाही. हाताला एवढे कष्ट पडलेल्या माणसाला काय सांगणार, की बाई गं, तुझी द्राक्षं डोक्यावर उभी आहेत? मी तिथल्या तिथे ती नेसले. पेमाने खांद्यावर चाप लावून दिले. आम्ही वर पठारावर गेलो आणि त्या दिवशी मी काटक्या वेचल्या नाहीत. मी नुसती बसले.

दारावरची बेल वाजली तेव्हा पेटीतलं सामान अजून फरशीवरच होतं.

पेमा दारात उभी. जीन्स, पाठीला मोठी सॅक, चाकांची बॅग, आणि चेहरा तोच, नववीतला. ती तशीच कमरेत वाकली, दोन्ही हात पुढे. "कुझुझांगपो, मॅडम ला." तिकडचा नमस्कार. मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या जॅकेटला पाइनच्या धुराचा वास आला. इतक्या वर्षांनी, पेठ रोडवर, दुपारच्या उन्हात.

तिने सॅकमधून मिरच्यांची पिशवी काढली. "ऑस्ट्रेलियात नेऊ देत नाहीत. तुमच्यासाठी." मग खोलीभर पाहिलं आणि हळूच विचारलं, "किरा?"

मी वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. ते बाजूलाच राहिलं. शेवटी मी दिवाणाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "आत आहे. आईने गोधडीत शिवली."

पेमाला काही कळलं नाही. मी इंग्रजीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती गोधडीकडे बघत राहिली, आणि मग माझ्या आईकडे.

आई म्हणाली, "बस. तेरेको भूक लगी क्या?"

"नहीं, आमा ला."

"आमा म्हंजी काय गं?"

"आई," मी म्हटलं.

"मंग आई म्हण की. आमा कशाला?" आई दिवाणावरून उतरली. तिला उठायला वेळ लागतो, पण कोणी हात दिलेला खपत नाही. तिने पेमाला नीट न्याहाळलं. "हिची आई गेली ना? तीच का, जिनं ही इणली?"

मी मान हलवली.

"मंग तू मला आधी नाय का सांगायचं?" असं म्हणून आईने कपाटातून दाढीचं ब्लेड काढलं आणि गोधडी मांडीवर ओढली.

"आई, थांब. सगळी उसवायची नाही."

"सगळी कोण उसवतंय?" तिचा हात थरथरत होता. मी ब्लेड घ्यायला गेले तर तिने कोपराने मला ढकललं. "राहू दे. मी घातलेत, मीच काढीन." लाल गाठीजवळची कड तिने धरली. एक टाका, दुसरा. थरथरत्या हाताने इतका वेळ लागत होता की मला बघवेना. आपल्याच हातचं एकेक ती शांतपणे कापत होती. कडेची शिवण सुटली, मग आतल्या ओळींचे थोडे थोडे टाके. तळहात जाईल एवढं तोंड झालं तेव्हा तिने पेमाचा हात धरला आणि त्या फटीत घातला.

पेमाने हात आत सरकवला. मनगटापर्यंत, मग आणखी थोडा. ती काही बघत नव्हती. तिने डोळे मिटले होते आणि तिची बोटं आत हळूहळू चालत होती. जांभळ्या लुगड्यावरून ती हालचाल दिसत होती. ती आमाच्या मागाशेजारी बसून मोठी झालेली पोर, नक्षी बोटांनी वाचत होती. ती तिच्या भाषेत एकेकीचं नाव पुटपुटत गेली. मग थांबली.

"ये... ये अंगूर है," ती म्हणाली आणि हसली, आणि त्याच हसण्यात तिचा बांध फुटला. किती तरी वेळ ती तशीच, एक हात आत घालून, रडत राहिली. मग मला म्हणाली, "मॅडम ला, आमा शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची. मॅडमच्या गावाला एक फळ आहे, ते खाली लोंबत नाही, आभाळाकडे तोंड करून वाढतं."

माझ्या एका काटकीच्या चित्राने आमाच्या मनात एक अख्खं नाशिक उभं केलं होतं, आणि ते उलटं होतं, आणि ती ते घेऊनच गेली.

"काय म्हणती?" आईने विचारलं. मी सांगितलं.

"हां, उलटेच व्हते," आई म्हणाली. "मी पाहिलं ना. जलमभर छाटणी केली, मला घोस कळंना व्हय? म्हटलं, कुण्या येड्या बाईनं लटकवायचे ते उभे केलेत. म्हणून तर मी कापड फिरवून घातलं. आता हितं देठ हायती, लाल गाठीपाशी. गाठ डोक्याकडं घेतली की घोस नीट लोंबत्यात. हिला रोज सांगते तर हिला पटत नाय."

दर थंडीत ती उठून माझी गोधडी सारखी करायची, ती एका न पाहिलेल्या बाईची द्राक्षं सुलट राहावीत म्हणून. आणि मी तिला खूळ समजत होते.

पेमाला मी हे सांगितलं तेव्हा तिने दुसऱ्या हाताने आईचा थरथरणारा हात धरला. आईने तो तसाच राहू दिला, आणि मला विचारलं, "ही तिकडं काय करायला चालली? मास्तरीण व्हती ना?"

होती. माझ्याच जुन्या शाळेत, माझाच विषय शिकवायची. तिच्याबरोबरचे निम्मे शिक्षक ऑस्ट्रेलियाला गेले, आता हीही. "म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम आहे," मी म्हटलं.

"सोताची आई गेल्यावर लोकांच्या आया सांभाळायला," आई म्हणाली. हे मी पेमाला सांगितलं नाही. "थंडी असंल तिकडं."

"आत्ता उन्हाळा येईल. थंडी जूनमध्ये असते."

"जूनमधी थंडी?" आई चकित झाली. "सगळं उलटंच की तिकडं. मंग तिकडं असतील घोस उभे."

पेमाला हे मात्र मी सांगितलं आणि ती डोळे पुसत खुदकन हसली. मग आईने, कोणाला काही न विचारता, गोधडीची घडी घातली आणि पेमाच्या मांडीवर ठेवली. "लेके जाव," ती म्हणाली. "थंडी में ओढने का. लाल गाठ डोके के पास."

पेमा नको नको म्हणत होती. आई ऐकण्यातली नव्हती. शेवटी पेमा म्हणाली, "मग एवढं तोंड शिवू नका, मॅडम ला. हात जाईल एवढं उघडंच राहू दे."

"धुताना फाटंल ते," आई म्हणाली. मग जरा विचार करून, "बटण लाव गं तिला."

मी बाबांच्या स्वेटरचं एक बटण काढलं आणि गोधडीला लावलं. मला शिवणकाम येत नाही, माझा टाका वाकडा आला. पेमाच्या बॅगेत गोधडी मावेना, म्हणून तिने तिचे दोन स्वेटर आणि जाड बूट आमच्याकडे काढून ठेवले. उन्हं उतरता उतरता तिची गाडी आली. द्वारका चौकात नेहमीसारखी गर्दी असणार म्हणून ड्रायव्हर घाई करत होता. पेमा वाकली, आधी आईला, मग मला. गाडी वळेपर्यंत मी कोपऱ्यावर उभी राहिले. मागच्या काचेत गोधडीची जांभळी कड दिसत होती, कारण बॅगेची चेन पूर्ण लागली नव्हती.

घरात आले तेव्हा दिवाण उघडाबोडका दिसत होता. मिरच्यांचा वास खोलीभर भरला होता आणि मला शिंक आली. एवढा वेळ न आलेला राग मला तेव्हा आला.

"आई, ती माझी होती," मी म्हटलं.

"ठाऊक हाय."

"मला विचारलंसुद्धा नाहीस. घालतानाही नाही, देतानाही नाही. माझ्याकडे आता तिकडचं काय राहिलं? आणि तुझ्या हातची शेवटची गोधडी होती ती."

आई दिवाणावर सांडलेले कापलेल्या दोऱ्याचे तुकडे वेचत होती. थरथरत्या बोटांत एकेक तुकडा येत नव्हता, तरी वेचत होती.

"तुला आई हाय अजून," ती म्हणाली. "जा, दार लोटून घे. डास येत्यात."